आखाजीची गाडी

अपघातात मोडलेली गाडी धुवायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर सकाळी दहाला जळगावहून येणार होता. मी सात वाजताच धुळ्याच्या आग्रा रोडवर, मिस्त्रीच्या गॅरेजात हजर. बरोबर दोन बादल्या, धुण्याचा साबण आणि एक जुनं धोतर. गाडीचं नाक पार आत गेलं होतं, त्याला माझ्याकडे इलाज नव्हता. पण उरलेली गाडी मी घासून घासून लख्ख केली. लोंबणारा मडगार्ड तारेनं बांधला. निखळलेलं दार उचलून चौकटीला टेकवून ठेवलं. सीटवरच्या काचा एकेक वेचून पिशवीत भरल्या. दोनातला जो एक दिवा शाबूत होता, त्याची काच रद्दीच्या बोळ्यानं चकचकीत केली, आणि शेवटी सवयीनं हळदकुंकू वाहिलं. बॉनेट जिथे असायला हवं होतं, साधारण तिथे.

सर्व्हेअर तरुण होता, पण चष्म्यामुळे वयस्कर दिसत होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली.

"हे कोणी केलं?"

"मीच," मी जरा अभिमानानंच म्हणालो.

"का?"

"तुम्ही येणार होतात ना," मी म्हणालो.

त्यानं चष्मा काढून पुसला. "भाऊसाहेब, मी काय मुलगी बघायला आलोय? धूळ, तेलाचे ओघळ, रंगाचे ओरखडे, यांच्यावरून मला कळतं मार कुठून बसला ते. तुम्ही सगळं धुऊन टाकलंत."

"काचा ठेवल्यात," मी म्हणालो आणि पिशवी पुढे केली.

मिस्त्री तोंड फिरवून खोकला. माझ्याच वयाचा माणूस, बापापासून गाड्यांचं काम करणारा. तो अशा वेळी हसत नसे, खोकत असे.

सर्व्हेअरचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी खरोखर मुलगी दाखवल्यासारखीच गाडी दाखवत होतो. घरात तसा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. आम्हाला मूल झालं नाही. आमच्या लग्नाला तेव्हा वीसेक वर्षं होत आली होती, आणि त्याबद्दल बोलायचं तेवढं सगळं बोलून झालं होतं.

ही गोष्ट सत्तर सालाच्या आगेमागेची. माझा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, भांडारांच्या जाहिराती, असली कामं. खाली छापखाना, वर आम्ही दोघं. दिवसभर खाली ट्रेडल मशीनची खडखड चाले, ती संध्याकाळी थांबली की घरात घड्याळाशिवाय कुणी बोलत नसे. ही मितभाषी. मी बडबड्या, पण एकट्यानं किती बडबडणार? चहा झाला की ही निवडणं-टिपणं घेऊन बसे आणि मी गॅलरीतून गल्लीकडे बघत बसे.

गाडी मी अमळनेरच्या एका निवृत्त मॅनेजरसाहेबांकडून घेतली होती. जुनी, विलायती बनावटीची, मातकट हिरव्या रंगाची. छापखान्याला गाडी लागते असं मी सगळ्यांना सांगे. जळगावच्या घाऊक व्यापाऱ्याकडून कागद आणायला लागते, असं. तो कागद एसटीच्या टपावरून आरामात आला असता. खरं कारण मलाही नंतर कळलं. गाडी घेतल्या वर्षी आखाजीच्या आधी गल्लीतल्या अक्का घरी आल्या. अक्का म्हणजे चार दारं सोडून राहणाऱ्या विधवा बाई, त्यांची एकुलती एक लेक सावद्याला केळीबागायतदारांच्या घरात दिलेली. "भाऊ," त्या म्हणाल्या, "पोरले आखाजीले आणनं शे. तुमनी गाडी जाई का?"

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. लेक माहेरी आलीच पाहिजे. निंबाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आमरस-पुरणपोळी खायची. आणि ती आपली आपण येत नाही. माहेरच्या कुणीतरी तिला आणायला जायचं असतं. त्या आणायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. बहुतेक भाऊ जातो, नाहीतर चुलता. सावद्याला मी मुराळी म्हणून गेलो तेव्हा मला पायांवर पाणी घालून घरात घेतलं, पाटावर बसवलं, आणि पोरीच्या सासऱ्यानं स्वतः विचारलं, "कधी परत पाठवाल?" मला! जन्मात पहिल्यांदाच मला कुणी लेकीच्या बाजूचा माणूस समजून विचारलं. मी घसा खाकरून म्हणालो, "आठ दिवस तरी राहू द्या." ते आठ म्हणजे जास्त होतात की कमी, याची मला काही कल्पना नव्हती.

दुसऱ्या वर्षी तीन पोरी, तिसऱ्या वर्षी पाच. मग पायंडाच पडला. आखाजीच्या आधीचे दोन दिवस छापखाना बंद. पहिल्या दिवशी अमळनेर आणि पारोळा, दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघून एरंडोल, जळगाव करत थेट सावदा. परतीला मागे दोघी, मांडीवर-पायाशी पोरं, पुढे एक, टपावर ट्रंका. आमचं घर गल्लीच्या खालच्या तोंडाशी, गाडी तिकडूनच शिरे, त्यामुळे ती आधी आमच्या ओट्याशी थांबे. सगळ्या आमच्याकडे उतरत, ही गूळपाणी देई, मग ज्यांच्या त्यांच्या आया धावत येत. ते दोन दिवस घराला घर म्हणवत नसे, जत्रा असे नुसती. मला सगळ्या "काका" म्हणत. मी त्यांना रागवायचोसुद्धा. हक्क असल्यासारखा.

आणि त्या वर्षी चैत्रात, आखाजीला महिना राहिला असताना, मी एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे गाडी एका निंबावर घातली.

गाडीत मी एकटाच होतो, आणि मागे लग्नपत्रिकांचा कागद. समोरून बैलगाडी आली, बैल बुजले, मी स्टिअरिंग वळवलं, आणि निंब तिथेच होता. मला छातीला मुका मार बसला, बाकी काही नाही. पण मागच्या काचेतून गुलाबी आणि पिवळे ताव उडाले ते शेतभर पसरले. आसपासची माणसं धावत आली. त्यांनी आधी मला उठवून बसवलं, पाणी पाजलं, आणि मग सगळ्या शेतातून ताव वेचून, झटकून, गठ्ठा करून माझ्या हातात दिला. त्यावर मी पुढे पत्रिका छापल्यासुद्धा. काहींच्या कोपऱ्यात माती होती.

तर सर्व्हेअर. त्यानं माझी काचांची पिशवी बाजूला ठेवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. मिस्त्रीकडून सुतळी मागितली. डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत एकदा ताणली, मग उलट कोपऱ्यांवर ताणली. दोन्ही लांब्या सारख्या यायला हव्यात. दोन बोटांचा फरक आला.

"चेसी वाकली," तो बाहेर येत म्हणाला. "टोटल लॉस."

"म्हणजे?"

"म्हणजे दुरुस्तीला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागतील. कंपनीच्या दृष्टीनं गाडी संपली." मग त्यानं मला दोन वाटा सांगितल्या. एक तर पूर्ण भरपाई घ्यायची आणि सांगाडा कंपनीला देऊन टाकायचा. नाहीतर सांगाडा आपल्याकडे ठेवायचा, भरपाई कमी घ्यायची, आणि दुरुस्ती आपल्या जोखमीवर. "पंधरा दिवसांत जळगावच्या ऑफिसला लेखी कळवा," तो म्हणाला, आणि जाता जाता थांबून म्हणाला, "आणि भाऊसाहेब, आता धुवू नका."

नवी गाडी घेण्याचा प्रश्नच नव्हता. तिचा नंबर लागायला वर्षं लागत, आणि भरपाईत तिची चाकंसुद्धा आली नसती. म्हणजे ही गाडी उभी राहिली तर गाडी, नाहीतर कायमचं नाही. आणि गाडी नाही म्हणजे आमच्या ओट्याशी आखाजीला कुणी उतरणार नाही. मी घरी जे काही हिशेब मांडले, ते सगळे फिरून फिरून एवढ्यावरच येत. हिला विचारलं तर ही म्हणाली, "तुमची गाडी, तुम्ही ठरवा."

मग मी रोज दुपारी जेवण झालं की मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन गाडीत बसू लागलो. नुसताच. स्टिअरिंग आत सरकल्यामुळे सरळ बसता येत नसे, तिरकं बसावं लागे, एक पाय बाहेर ठेवून. मागची सीट रिकामी. तिच्या फटीत मला एकदा काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला, एकदा वाळलेली आंब्याची कोय. कुणाच्या पोरानं खुपसली असेल.

"भाऊ," मिस्त्री एक दिवस म्हणाला, "असं रोज बसाल तर भाडं लावीन."

"होईल का रे ही?"

त्यानं हात पुसले. "उभी करून देतो. नाक नवं ठोकतो, रंग मारतो. बघणाऱ्याला कळणार नाही. चेसीपण तापवून सरळ करीन, पण पूर्ण नाही होणार. मागची चाकं पुढच्यांच्या बरोबर मागून नाही येणार. थोडी बाजूनं येतील. खेकडा चालतो ना, तशी चालेल."

"धोका आहे?"

"बाजारात फिरा, स्टेशनवर जा, काही नाही. पण लांबचा रस्ता, भरलेली गाडी, आणि ब्रेक जोरात दाबला तर..." त्यानं हात हवेत तिरपा नेला. "आता तुम्हीच सांगा. स्वतःची पोरगी बसवली असती का असल्या गाडीत?" आणि लगेच जीभ चावली. "माफ करा भाऊ. तोंडातून गेलं."

"अरे, दुसऱ्यांच्या बसवतोच की."

"तेच विचारतोय," तो म्हणाला.

एवढं स्पष्ट ऐकल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी घरी येऊन, छापखान्याचं नाव छापलेल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात लिहिलं, की सांगाडा आम्ही आमच्याकडेच ठेवू इच्छितो. मनाशी म्हटलं, सावकाश चालवीन. ब्रेक जोरात दाबणारच नाही. बैल दिसला की आधीच थांबीन. मी त्या पत्राच्या खाली सही केली तेव्हा मला खरोखर वाटत होतं, की मी गल्लीवर उपकार करतोय. माझ्यावाचून पाच पोरींची आखाजी अडणार आणि मी काही ती अडू देणार नाही.

पत्र खिशात घालून मी अक्कांकडे गेलो. त्यांना धीर द्यावा म्हणून. बिचाऱ्या काळजीत असतील, विचारायला संकोचत असतील.

अक्का ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. मी म्हणालो, "अक्का, काळजी करू नका. मिस्त्रीशी बोललोय. आखाजीच्या आत गाडी उभी राहते. सावद्याला मीच जाणार."

त्यांचा हात थांबला. "तुमले कसाले तरास, भाऊ? भाचा जाई यष्टीमा. तिले लई ई."

"भाचा घेऊन येणार? पण..."

"बठ्ठ्यासनं तसंच ठरेल शे. पारोळावाली, अमळनेरवाली, बठ्ठ्याच यष्टीमा येतीन."

बठ्ठ्याच. सगळ्याच. माझा अपघात होऊन तीन आठवडे झाले नव्हते, आणि गल्लीनं पाचही पोरींची सोय लावून टाकली होती. मला वाईट वाटलं ते दडवायला मी हसलो. "अहो, एसटीत गर्दी किती! आपली गाडी असताना पोरींचे हाल कशाला? गाडी होतेय म्हटलं ना."

आता बाईंची पंचाईत झाली. त्यांनी पापडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग खानदेशी सोडून, मला नीट समजावं म्हणून की काय, सावकाश, शहरी बोलीत म्हणाल्या, "भाऊ, रागावणार नाही ना? पोरीला तुमच्या गाडीत भारी मळमळतं. पेट्रोलचा वास येतो, मागे दाटीवाटी. दरवर्षी दोनदा तरी उलटी होते. बाकीच्यांचंबी तेच."

"दरवर्षी?"

"हो ना."

"मग कधी बोलल्या का नाहीत कुणी?"

अक्कांनी पदरानं हात पुसले. त्या वाईट बाई नव्हत्या, म्हणून तर तोंडातून खरं गेलं. "कसं बोलणार? तुम्ही दोघंच घरात. आम्ही बायांनी ठरवलं, वर्षातून दोन दिवस त्यांच्या ओट्यावर पोरी उतरू द्याव्या. तेवढंच घर भरल्यासारखं वाटतं. पोरीपण म्हणायच्या, जाऊ दे आई, काकांना बरं वाटतं."

मी काय म्हणालो ते आठवत नाही. "पापड छान झालेत" असं काहीतरी म्हणालो असेन. ते अजून ओले होते.

म्हणजे सात वर्षं मी ज्यांना आणत होतो, त्या मला आणत होत्या. मी पाटावर बसून "आठ दिवस राहू द्या" म्हणत होतो, तेव्हा आतल्या खोलीत ती पोरगी दोन दिवसांपासून जेवण कमी करून बसलेली असेल. घर चार दारांवर. पण मी सरळ घरी गेलो नाही. पांझरेच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. चैत्राची नदी, पाणी नावाला. धोबी वाळूत कपडे वाळत घालत होते. कुणाला काही सांगावं असं वाटत होतं, आणि सांगण्यासारखा माणूस आठवत नव्हता. हिला सांगायचं तर तिलाही कळणार, की तिच्या हातचं गूळपाणी लोक दया म्हणून पीत होते. ते मला नको होतं. मग माझ्यापुरतं ठरवून टाकलं. हे आपल्यापाशीच ठेवायचं.

खिशातलं पत्र तिथेच फाडलं. नवं पत्र घरी येऊन लिहिलं, दोनच ओळींचं, आणि पोस्टात न टाकता दुसऱ्या दिवशी स्वतः एसटीनं जळगावला घेऊन गेलो. पोस्टात टाकलं तर पेटी उघडेपर्यंत माझं मन बदलेल, ही भीती. ऑफिसातल्या कारकुनानं सही घेतली, शिक्का मारला आणि हात पुढे केला. "किल्ली?"

किल्ली घराच्या आणि छापखान्याच्या किल्ल्यांबरोबर एकाच कडीत होती. ती कडी अशी घट्ट, की मला काही काढता येईना. शेवटी कारकुनानंच पेन्सिलीचं टोक घालून काढली. परत येताना एसटी त्या निंबाजवळून गेली. मी खिडकीशी होतो, पण त्या वेळी दुसरीकडे बघत होतो. हे मला पारोळा आल्यावर लक्षात आलं.

हिला एवढंच सांगितलं, की मिस्त्री नको म्हणतो, म्हणून दिली. ही "बरं" म्हणाली.

सांगाडा न्यायला ट्रक आला तेव्हा मी गेलो नाही. मिस्त्री संध्याकाळी माझं धोतर आणि बादल्या आणून देऊन गेला.

आखाजी आली. एसटी स्टँडवरून गल्लीत शिरायचं तर वरच्या टोकानं शिरतात, आमचं घर पडतं शेवटी. सकाळपासून वरच्या टोकाला हसण्याचे, हाका मारण्याचे आवाज येत होते. मी छापखाना उघडा ठेवला होता, काही काम नसताना. दुपारी निंबाच्या झोक्यांवर गाणी सुरू झाली. ती गाणी मी दरवर्षी ऐकत आलो होतो, पण इतक्या लांबून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी अक्कांची लेक पोराला घेऊन पाच मिनिटं येऊन गेली. तिचा चेहरा टवटवीत होता, गाल भरलेले. माहेरी आलेली ती अशी दिसते हे मला माहीतच नव्हतं. मी बघायचो तेव्हा ती नेहमी पिवळी पडलेली असायची. मी समजायचो, सासरचा जाच.

"काका, गाडी दिली म्हणे?"

"दिली गं."

"अरेरे," ती म्हणाली. इतक्या प्रामाणिकपणे बोललेलं खोटं मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

ती गेल्यावर मला राहवलं नाही. नाहीतरी माझ्या पोटात काय राहणार? हिनं गहू निवडायला घेतले होते. मी समोर बसलो आणि अक्कांच्या ओट्यावर जे ऐकलं ते सगळं सांगितलं, मळमळीसकट. पुलावरचं तेवढं सांगितलं नाही. म्हणालो, "तुला सांगणार नव्हतो. तुला वाईट वाटेल म्हणून."

तिनं सूप हलवलं. एक खडा काढून बाजूला ठेवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पोरी उतरल्या की आधी मोरीकडे धावायच्या. मी आठ दिवस आधी लिंबं आणून ठेवायची. गूळपाणी नंतर."

"पहिल्या वर्षापासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"आणि सात वर्षं मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

तिनं आणखी एक मूठ गहू सुपात घेतले. मग म्हणाली, "त्या दोन दिवसांत तुम्ही जिन्यावरून शीळ घालत वरखाली करायचात. एरवी घालत नाही. मी म्हटलं, वाजू दे."